पावसाळ्यातला सराव: सायकलचा आणि धंद्याचा



धंद्याच्या चॅनलवर या आठवड्यात सायकल कुठून आली, असं काहींना वाटलं असेल. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून पूर्ण मत इथे मांडतो. विषय आहे खराब हवेत सायकलचा सराव कसा करायचा. खरा प्रश्न मात्र तुमच्या दुकानाचा आहे. पावसाळ्याचे चार महिने ते तग धरेल का?

धंद्याच्या शिकवणीत एक वाक्य फार चालतं: "ऊन असो, पाऊस असो, थांबायचं नाही." टाळ्या पडतात. दुसरीकडे आपल्या जिल्ह्यात एक वाक्य घरोघरी चालतं: "दिवाळीनंतर बघू." माझं मत असं, की दोन्ही वाक्यं नुकसान करतात. पहिलं वाक्य माणसाला भर विजेत रस्त्यावर पाठवतं. दुसरं त्याला घरी बसवतं आणि मग सोप्या दिवसात धंद्यात उतरवतं. तिथे त्याला धंदा सोपाच वाटतो.

सायकलवाले या दोन्हीच्या मधला रस्ता शोधतात. त्यांच्याकडून तो शिकण्यासारखा आहे.

आपल्याकडे चांगली हवा किती दिवस?

आधी हिशोब करा. वाशिममध्ये मार्चच्या मध्यापासून ऊन तापायला लागतं आणि मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरमध्ये परत उकाडा, कधी परतीचा पाऊस. म्हणजे निवांत सायकल चालवावी अशी हवा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. ज्याला फक्त चांगल्या हवेतच सराव करायचा आहे, तो वर्षातले आठ महिने घरी बसेल आणि दर नोव्हेंबरला परत पहिल्यापासून सुरू करेल.

आता याच्याशेजारी आपल्या बाजाराचं कॅलेंडर ठेवा. ऑक्टोबरला सोयाबीन घरात येतं, बाजार समितीत गाड्यांची रांग लागते, कास्तकाराच्या हातात पैसा येतो. पुढे कापूस, तूर, हरभरा. मग लग्नसराई. जून लागला की पैसा उलटा फिरतो: बियाणं, खत, फवारणी, निंदण. त्याच महिन्यात शाळेची पुस्तकं आणि फी. जुलै-ऑगस्टमध्ये गिऱ्हाईक येतं, पण "लिहून ठेव भाऊ" म्हणतं.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांत थोड्याफार फरकाने हेच. दुकान मोबाईलचं असो की कपड्याचं, शेवटी ते सोयाबीनवर चालतं. म्हणून सायकलवाल्याचा वाईट मोसम आणि दुकानदाराचा मंदीचा मोसम आपल्याकडे एकमेकांवर बसतात. दोघांनाही जून ते सप्टेंबर पार करायचा असतो.

स्पर्धा हवा पाहून होत नाही

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ब्रेव्हे नावाचा प्रकार आहे. आपल्या राज्यातही बऱ्याच शहरांत होतो. २०० किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत. या चारही एका मोसमात पूर्ण केल्या की 'सुपर रँडोनर' म्हणतात. तारीख खूप आधी जाहीर होते. त्या दिवशी पाऊस आला म्हणून घड्याळ थांबत नाही. रस्त्यात पंक्चर झालं तर स्वतःच काढायचं. सोबत मदतीची गाडी फिरवता येत नाही. रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं.

याहून मोठं उदाहरण अमेरिकेतल्या 'रेस अक्रॉस अमेरिका'चं. साधारण ४,८०० किलोमीटर, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर. सुरुवातीला चाळीस अंशांच्या वरचं वाळवंट, मग रॉकी पर्वतात दहा हजार फुटांवरची थंडी, मग कॅन्ससच्या मैदानातला वारा. एकट्याने जाणाऱ्याला मुदत १२ दिवसांची. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ, या दोघांनी ती एकट्याने पूर्ण केली. डॉ. समर्थ पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही १५ टप्प्यांची, ९,००० किलोमीटरहून लांब शर्यत पूर्ण करून आले.

अशा शर्यतीत एकाच आठवड्यात तिन्ही ऋतू अंगावर येतात. फक्त थंडीच्या सकाळी सराव केलेला माणूस तिथे टिकूच शकत नाही.

तुमचा बँकेचा हप्ताही तसाच आहे. तो पाच तारखेला येतो, मग मार्च असो की ऑगस्ट. दुकानाचं भाडं पाऊस मोजत नाही.

पण सगळी खराब हवा सारखी नसते

टाळ्यांच्या वाक्यात नेमकं हेच सांगत नाहीत. जाणता सायकलवाला सकाळी उठून आकाशाकडे पाहतो, मोबाईल पाहतो आणि दिवस तीनपैकी एका कप्प्यात टाकतो.

पहिला कप्पा: त्रासाचा दिवस. रिमझिम, समोरचा वारा, चिखल, उकाडा. या दिवशी निघायचं. पण नेहमीसारखं नाही. टायरमधली हवा पाच-दहा पीएसआय कमी ठेवायची, पकड वाढते. साधे रबरी ब्रेक ओले झाले की पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरतच नाहीत, म्हणून आधीपासून हलके दाबत राहायचं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं टाळायची. आपल्या भागात आणखी एक वैरी आहे: वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर ओढून आणलेली काळी माती. पाऊस पडला की तिचं साबण होतं, आणि मडगार्डमध्ये बसली की चाक फिरू देत नाही. अशा ठिकाणी वळण घेताना ब्रेक मारला की माणूस खाली. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा.

दुसरा कप्पा: घरातल्या सरावाचा दिवस. मुसळधार पाऊस, समोरचं दिसत नाही, ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की 'जोरदार पाऊस' म्हणतं आणि ११५.६ च्या वर 'अति जोरदार'. पिवळा, नारंगी, लाल असे इशारे देतं. नारंगी इशारा असेल तर सायकल मागच्या चाकाने ट्रेनरच्या स्टँडवर चढवायची आणि घरात तासभर मारायची. चुंबकाच्या रोधावर चालणाऱ्या साध्या स्टँडला वीजही लागत नाही. स्टँड नसेल तर बैठका, पोटाचे व्यायाम, नाहीतर साखळी धुऊन तेल देणं. सराव चुकत नाही, फक्त त्याची जागा बदलते.

तिसरा कप्पा: बंदचा दिवस. वीज कडाडते आहे, नाल्याच्या पुलावरून पाणी वाहतं आहे, किंवा मे महिन्याची दुपार आहे. इथे जिद्दीचा काही संबंध नाही. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, आणि त्यात शेतात, उघड्यावर असणारे खूप असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं मोफत ॲप आहे. आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाईपर्यंत पक्क्या छपराखालीच थांबायचं. झाडाखाली उभं राहायचं नाही. वाहत्या पाण्यातून सायकल घालायची नाही, पूल रोजच्या ओळखीचा असला तरी. पाण्याखाली पुलाचा कठडा आणि रस्ता जागेवर आहेत की नाही, हे वरून कळत नाही.

उन्हाचंही असंच. शरीराला उन्हाची सवय लागायला दहा-चौदा दिवस लागतात, तीही हळूहळू वेळ वाढवली तर. सकाळी पाचला निघा, आठच्या आत घरी या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं ओआरएस सोबत ठेवा. चक्कर आली, उन्हात अंगावर काटा आला, बोलणं अडखळायला लागलं, की सराव तिथेच संपला. सावली, पाणी, माणूस बोलवा.

आता तुमच्या धंद्याचे तीन कप्पे

पहिल्या कप्प्यात येतं ते रोजचं त्रासाचं: गिऱ्हाईक कमी, उधारी जास्त, माल उशिरा, लाईट गेली. या दिवशी दुकान उघडायचंच. कारण वेग वाढवणं हा त्या दिवसाचा सराव नसतोच. ओल्या रस्त्यावर सायकलवाला ब्रेक शिकतो. मंदीत दुकानदार उधारी आवरायला शिकतो, कमी माल ठेवून जास्त फिरवायला शिकतो, कोणता माल वर्षभर उठतो आणि कोणता फक्त दिवाळीत, हे ओळखायला शिकतो. दिवाळीच्या गर्दीत हे काहीच कळत नाही, कारण तेव्हा सगळंच विकतं.

दुसऱ्या कप्प्यात येतो असा काळ, जेव्हा दुकानात बसून उपयोग नाही, पण काम आहे. उधारीची वही साफ करणं, घाऊक व्यापाऱ्याशी भाव बोलणं, मशीन दुरुस्त करणं, नवीन पदार्थाची चव घरी जमवणं, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करणं. जागा बदला, काम चालू ठेवा.

तिसरा कप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याच्याबद्दल स्टेजवर कुणी बोलत नाही. धंदा थांबवायचा दिवस. हप्ता भरायला दुसरं कर्ज काढावं लागतंय, दुकान चालवायला घरातलं सोनं गहाण पडतंय, बी-बियाण्याचा पैसा गल्ल्यात जातोय, तर पुलावरून पाणी वाहतंय असं समजा. इथे "थांबायचं नाही" म्हणणारा माणूस तुमचा मित्र नाही.

हे मी कडक शब्दांत सांगतो, त्याला कारण आहे. आपला वाशिम २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होता. ते पॅकेज कशामुळे आलं, हे इथल्या कुठल्याही घराला समजावून सांगायची गरज नाही. ज्या भागात बुडालेल्या कर्जाची किंमत माणसांनी जिवाने चुकवली आहे, तिथे थांबायची सोय न ठेवता जिद्द शिकवणं हे प्रशिक्षकाचं काम नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि थांबणं म्हणजे संपणं नाही. श्रीनिवास गोकुळनाथांना २०१६ मध्ये ती शर्यत अर्धी सोडावी लागली होती. २०१७ मध्ये ते परत गेले आणि ११ दिवस १८ तासांत पूर्ण करून आले. पहिल्या वर्षी सोडली, म्हणून दुसऱ्या वर्षी निघायला शरीर शाबूत होतं. धंद्यात शरीराच्या जागी पत असते आणि घरची शांतता असते. ती शाबूत ठेवून थांबलात तर परत निघता येतं.

मुहूर्त दसऱ्याचा नको, आषाढाचा हवा

आता माझं मुख्य मत. आपल्याकडे नवं दुकान दसरा-दिवाळीला उघडायची पद्धत आहे. पूजा होते, पेढे वाटतात, पहिले तीन महिने गल्ला भरतो. माणूस त्या तीन महिन्यांच्या आकड्यावर आयुष्याचा हिशोब मांडतो. शोकेस वाढवतो, गाडी घेतो. मग जून येतो.

उदाहरण म्हणून एक छोटं दुकान घ्या. भाडं ४,००० रुपये, वीज १,५००, बँकेचा हप्ता ५,२००, घरखर्च १२,०००. महिन्याला २२,७०० लागतात. शंभर रुपयांच्या विक्रीत वीस रुपये सुटतात असं धरू. म्हणजे खर्च निघायला महिन्याला १,१३,५०० ची विक्री हवी.

दिवाळीच्या दिवसात विक्री १,८०,००० झाली, तर सुटले ३६,०००. खर्च जाऊन हातात १३,३००. मस्त वाटतं. पावसाळ्यात विक्री ७०,००० वर आली, तर सुटले १४,०००. महिन्याला ८,७०० कमी पडले. चार महिन्यांचे ३४,८००.

आता पाहा: दिवाळीच्या तीन महिन्यांची शिल्लक होते ३९,९००. त्यातले ३४,८०० मुळात तुमचे नव्हतेच. ते पुढच्या पावसाळ्याचे होते. ज्याने एक पावसाळा पाहिला आहे, त्याला हे माहीत असतं. ज्याने पाहिला नाही, त्याने त्याची शोकेस केलेली असते.

म्हणून मी म्हणतो, धंद्याची चाचणी जून-जुलैमध्ये घ्या. मंदीत जो माल थोडा का होईना रोख विकला जातो, तो खरा माल. पावसात जे गिऱ्हाईक तुमच्याकडे चालत येतं, ते खरं गिऱ्हाईक.

यावर तुम्ही म्हणाल, "सर, पावसाळ्यात उघडलं तर भांडवलच संपेल. दिवाळीपर्यंत पोहोचणारच नाही." हे म्हणणं खोटं नाही. म्हणून चाचणी म्हणजे पूर्ण दुकान नाही. नवा सायकलवाला पहिल्याच पावसात २०० किलोमीटर जात नाही. वाशिमहून निघून दहा किलोमीटरवरून परत फिरतो आणि कुठून परत फिरायचं हे घरूनच ठरवून निघतो. तुम्हीही तसंच करा. गाळा भाड्याने घेऊ नका. आठवडी बाजारात एक ताडपत्री, एक टेबल. घरून ऑर्डर. ओळखीच्या दुकानात कोपरा. आणि आधीच लिहून ठेवा: या चाचणीत जास्तीत जास्त इतके रुपये घालवणार, ते संपले की परत. तो आकडा दहा हजार असो की तीन हजार, तुमच्या घरच्या परिस्थितीवर ठरवा. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं, पण चाचणीसाठी कर्ज काढू नका. चाचणी स्वतःच्या पैशाने, वाढ बँकेच्या पैशाने.

काही धंद्यांना हे लागू नाही, हेही मान्य. रसवंती, आईस्क्रीम, मंडप-डेकोरेशन यांचा मोसमच वेगळा. तिथे तुमचा 'पावसाळा' कोणत्या महिन्यात येतो ते शोधा आणि चाचणी त्या महिन्यात घ्या. आणि ज्या घरात यंदा पेरणीलाच पैसा कमी पडतोय, त्याने यंदा चाचणीही करू नये. त्याचा दिवस दुसऱ्या कप्प्यातला: शिका, भाव काढा, एखाद्या चालत्या दुकानात चार महिने काम करा. पगारही मिळेल आणि दुसऱ्याच्या गल्ल्यावर पावसाळा पाहायला मिळेल.

सायकलवाल्यांसाठी वेगळं

जे खरंच सायकल चालवतात त्यांना एक सांगतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, गुळगुळीत आहे, मोह होतो. पण त्यावर सायकलीला आणि दुचाकीला परवानगी नाही. सराव गावच्या आणि तालुक्याच्या रस्त्यांवरच. ढगाळ दिवशी भर दुपारीही मागचा लाल दिवा चालू ठेवा. मोबाईल आणि पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत. घरी सांगून निघा: कोणत्या रस्त्याने, किती वाजता परत. आणि पावसातून आल्यावर आधी सायकल पुसा, साखळी कोरडी करून तेल द्या, मग चहा. रात्रभर ओली राहिलेली साखळी सकाळी गंजलेलीच सापडते.

यात एक धंदाही दडला आहे. पावसाळ्यात गावागावांत सायकली गंजतात, शाळेच्या पोरींच्या सायकलींचे ब्रेक लागत नाहीत. साखळी धुणं, ब्रेकचे रबर बदलणं, मडगार्डमधली माती काढणं, एवढंच काम शाळेच्या गेटजवळ आठवड्यातून एक दिवस करणारा माणूस किती गावांत आहे? भांडवल पान्यांचा एक सेट, तेल, रबर आणि ताडपत्री. जून-जुलैची चाचणी घ्यायला याहून स्वस्त काय असेल?

या आठवड्यात करायचं काम

एक वही घ्या, तीन पानं करा. पहिल्या पानावर महिन्याचा खर्च, घरखर्च धरून. घरखर्च लपवू नका, तिथेच सगळे फसतात. दुसऱ्या पानावर जून ते सप्टेंबरमध्ये विक्रीतून महिन्याला सुटणारे पैसे, विक्री जेवढी वाटते त्याच्या निम्मी धरून. वजाबाकी करा, चारने गुणा. तो तुमचा पावसाळ्याचा आकडा. तिसऱ्या पानावर एकच ओळ: "अमुक झालं तर मी थांबेन." ती ओळ घरातल्या मोठ्या माणसाला, आईला किंवा बायकोला वाचून दाखवा आणि त्यांची सही घ्या. वेळ आली की तुम्ही स्वतः ती ओळ वाचणार नाही. ते वाचतील.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही कशी लिहायची ते पाहू. तोपर्यंत वरचा आकडा काढून ठेवा, त्याच्याशिवाय तो व्हिडिओ उपयोगाचा नाही.